उडी, वाट, वरात

घोड्यांची शर्यत म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर हिरवळ येते, पांढरे कठडे येतात, दुर्बीण लावून बसलेली साहेबमंडळी येतात. आमच्या शर्यतीत हिरवळ नव्हती, कारण गहू नुकताच सोंगलेला असे आणि रानात नुसती धसकटं उभी असत. कठडे नव्हते. दुर्बीण होती, पण एकच, आणि ती माझ्या गळ्यात. तिच्या उजव्या नळीतून काही म्हणता काही दिसत नसे. तरी ती गळ्यात असली की लोक माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवत. पाण्याच्या चारीच्या काठावर उभा राहून स्वतःच्या डोळ्यांनी शर्यत बघणारा माणूसही कान कर्ण्याकडे लावून असायचा, की आपल्यापुढून आत्ता काय गेलं ते कळावं.

पंचवटीत माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, बारसं, निवडणूक, हरवलेली म्हैस, सगळ्यांना माझाच आवाज. तरुणपणी हौशी नाटकांत राजाचे प्रधान करून झाले होते. राजा कधी मिळाला नाही, कारण राजाला उंची लागते. ती सगळी राहिलेली हौस मी वर्षातून एकदा, निफाडच्या वाटेवरच्या एका गावात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी भागवून घेत असे. आता त्या रानात सगळीकडे द्राक्षबागांच्या तारा आहेत, घोडा सोडला तर गळा कापून घेईल. पण नव्वदच्या दशकात चैत्रात तिथली शिवारं मोकळी असत. देवळामागून सुटायचं, बांधांवरून उड्या घेत कालव्याकडे जायचं, कालव्यातून शेतात पाणी नेणारी चारी ओलांडायची, वळसा घालायचा आणि तीच चारी परतताना पुन्हा ओलांडायची. खोगीर नाही, पाठीवर फार तर घोंगडी.

घोड्यांना नावं नसत. घोडा ओळखला जाई तो ज्यानं त्याला शिंगरू असल्यापासून वाढवलं त्या माणसाच्या नावानं. पुढे तो विकला गेला, चार गावं फिरला, तरी माईकवर नाव त्या पहिल्या माणसाचंच. त्यामुळे कितीतरी माणसं पंचक्रोशीला तोंडानं माहीत नव्हती, पण नावानं पाठ होती.

शर्यत हा मात्र निम्माच कार्यक्रम. खरा प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळापुढच्या दगडी फरशीवर. तिथे बैठक बसे आणि आदल्या दिवशी पळालेल्या एकेका घोड्याचा निवाडा होई. पहिला कोण आला याला तिथे किंमत नव्हती. जिंकणं कालचं झालं, बैठक उद्याची. निवाडा एका शब्दाचा असे. उडी म्हटलं की घोडा पुढच्या वर्षी पुन्हा पळणार. वाट म्हटलं की त्याला टांग्याला जुंपायचं. वरात म्हटलं की पाठीवर झूल आणि नवरदेव. वाटेला किंवा वरातीला लागलेला घोडा रानात परत येत नसे, आणि त्याच्याबरोबरचं नावही माझ्या माईकवरून उतरत असे.

मालक आपल्या घोड्याविषयी खरं बोलूच शकत नाही, हे त्या गावातल्या जुन्या लोकांनी कधीच ओळखलं होतं. म्हणून रीत अशी, की मालकानं घोड्याकडे पाठ करून बसायचं आणि गालात अख्खी सुपारी धरायची. निवाड्याआधी सुपारी तोंडातून काढली, तर घोडा बाद. त्याच्या वतीनं एक जण उभा राहून बोलणार, त्याला बाजू म्हणत. दुसरा उणं काढणार, तो खोड. घोडा मालकाच्या पाठीमागे फरशीवरून फिरवला जाई. बघायचं पंचांनी, मालकानं नुसतं ऐकायचं. बडे बडे बागाईतदार गाल फुगवून असे बसलेले बघितले की मला दात दुखणाऱ्या माणसांची पंगत बसल्यासारखं वाटे.

त्या वर्षी माझ्याकडे काकींची बाजू आली.

काकींचा मळा माझ्या दुकानाच्या मागे. काका आणि काकी झेंडू आणि शेवंती करायचे आणि फुलबाजारात न्यायचे. काकांची लाल घोडी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती, आणि माईकवर बसायचं काम मला काकांनीच मिळवून दिलं होतं. श्रावणात काका गेले. काकी घोडी विकणार असं सगळ्यांनीच धरलं होतं; काकींनी विकली नाही. जत्रेच्या आधी त्या दुकानात आल्या, काउंटरवर हात ठेवून म्हणाल्या, "बाजू तू घे."

"घेतो की. पण काकी, मालक म्हणून बसणार कोण? पंच बाईमाणसाला बसू देतील?"

"का? सुपारी काय बाईच्या तोंडात मावत नाय?"

 मग आवाज खाली आणून काकी म्हणाल्या, "घोडी पळंल, नाय पळंल, ते मला नको सांगू. तिला उडी मिळवून दे. पुढच्या साली एकदा कर्ण्यातनं त्यांचं नाव आलं की झालं. घरात आता त्यांचं नाव कुणी मोठ्यानं घेत नाय रे. समदी हळूच घेत्यात."

मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. प्रधानाच्या भूमिकेत असताना द्यायचो, तसंच.

शर्यतीत घोडी दुसरी आली. पाठीवर काकींचा पुतण्या होता, चांगला दणकट गडी. मी देवळाच्या ओट्यावरून वर्णन करत होतो. बांध तिनं सगळे घेतले, गळफासातून मान काढावी तशी मान पुढे काढून. परतताना चारीपाशी धुरळा उठला आणि मला काही दिसलं नाही. मी म्हणालो, "आणि काकांची घोडी चारीवरून अशी गेली, जशी पाण्यावरून वाऱ्याची झुळूक!" काकांचं नाव मी पूर्ण घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि कर्णा वळवून चारीच्या दिशेनं धरला, कारण काकी तिथे उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. मुख्य पंच म्हणजे नाशिकरोड स्टेशनवरचे एक जुने टांगेवाले. रिक्षांनी त्यांची गिऱ्हाइकं पळवली होती, त्यामुळे त्यांना आता दुसऱ्यांच्या घोड्यांकडे बघायला भरपूर सवड होती. खोड काढायला निफाडचा एक द्राक्षवाला. छाटणीचा हात, जे दिसेल ते कापायचा.

सगळ्यांत आधी, आदल्या दिवशी जिंकलेला पांढरा घोडा आला. मालक इगतपुरीचा, रेल्वेतला. हिरवा बावटा मिळालाच आहे अशा थाटात बसला होता. द्राक्षवाला उठला आणि म्हणाला, "मंडळी, काल ह्या घोड्यानं उडी मारलीच नाही. ह्याच्याकडून उडी झाली. प्रत्येक बांधाला डोळे मिटले ह्यानं. ज्या दिवशी बांध एक वीत इकडे असेल, त्या दिवशी घोडा आणि माणूस दोघंही पलीकडे वेगवेगळे पोचतील."

पंचांनी माना हलवल्या. मुख्य पंच म्हणाले, "वरात. रंगानं चांगला हाय. निदान नवरदेवापेक्षा तरी बरा दिसंल."

मालकानं सुपारी थुंकून दिली. "अहो, पहिला आलाय तो!"

"आला ना! कोण नाय म्हणतंय? हार घालून घेऊन जा."

मग आला सटाण्याच्या कांदा व्यापाऱ्याचा शिंगरूवजा घोडा, जो सगळ्यांत शेवटी आला होता. जाताना चारीपाशी तो चक्क थांबला होता. थांबून पाणी हुंगलं, पलीकडचा काठ बघितला, चार पावलं मागे आला आणि चाबूक न लागता, लोक हसत असताना, सुळकन पार झाला. परतताना त्याच चारीला थांबलाही नाही. द्राक्षवाला खोड काढायला उठला आणि डोकं खाजवत उभा राहिला. "काढू तर काय काढू? काल एकच जनावर बघून उडी मारणारं होतं, ते हे. पुढची दहा वर्षं ह्याच्याच आहेत."

"उडी!" मुख्य पंच म्हणाले.

व्यापाऱ्याचे डोळे मोठे झाले, मान खाली-वर झाली, पण तोंडातून शब्द येईना. "बोला आता, शेठ," कोणीतरी म्हणालं, "सुपारी काढा."

"काय काढू भो," तो कळवळून म्हणाला, "गिळाई गयी!"

यावर पंचांमध्ये खल झाला. सुपारी आत गेली, बाहेर आली नाही, म्हणजे रीत मोडली का? मुख्य पंचांनी निर्णय दिला की रीत तोंडातून काढण्याची आहे, पोटाचं काय ते ज्याचं त्यानं बघावं. आम्ही इतके हसलो की देवळातला पुजारी बाहेर येऊन बघून गेला.

त्याच हसण्यात काकी उठून पुढे आल्या, आणि हसू जागच्या जागी थांबलं.

डोक्यावरून पदर घेऊन त्या मालकाच्या जागी बसल्या, घोडीकडे पाठ करून, माझ्याकडे तोंड करून. पंचांतल्या कोणी काही हरकत घेतली नाही. उलट एक-दोघांनी टोप्या सारख्या केल्या. काकींनी कमरेच्या पिशवीतून सुपारी काढली, गालात ठेवली आणि हात मांडीवर ठेवले. पुतण्या घोडीला त्यांच्यामागे फिरवू लागला. तिचे खूर फरशीवर वाजत होते आणि दुसरा आवाज नव्हता.

मी उभा राहिलो. भाषण मी पाठ केलेलं होतं. काकांनी ही घोडी सारंगखेड्याहून आणली तेव्हा ती केवढीशी होती, इथून सुरुवात केली. काका तिला पहाटे गोदेच्या वाळूत पळवायचे, तिच्या आयाळीत उरलेली शेवंती खोवायचे, पाऊस लागला तर स्वतः भिजून घोंगडी तिच्यावर टाकायचे, हे सगळं मी सांगितलं. आवाज कुठे बसवायचा, कुठे थांबायचं, कुठे गळा दाटू द्यायचा, हे मला ठाऊकच होतं. पण खरं सांगायचं तर पुढचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं. "मंडळी," मी म्हणालो, "ही घोडी पळते तेव्हा फक्त घोडी पळत नाही." एका पंचानं उपरण्यानं डोळे पुसले. मला आत कुठेतरी पडदा पडताना ऐकू येते ती टाळी ऐकू आली.

द्राक्षवाला उठला. मी सावरून बसलो, की आता कात्री चालणार. तो घोडीकडे बघत राहिला, मग स्वतःच्या चपलांकडे. "वय झालंय थोडं," एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

पंचांनी डोकी एकत्र आणली. त्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं आणि काकींनाही. "एक साल अजून." "माणूस किती मोठा होता!" "वहिनींसाठी तरी." कोणी घोडीकडे बघतही नव्हतं.

मी काकींकडे बघितलं, त्यांना डोळ्यांनी सांगायला की झालं, मिळाली उडी. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मान एका बाजूला कललेली होती आणि उजव्या हाताचं बोट फरशीवर, खुरांच्या तालावर वाजत होतं. घोडी चालत होती तसं बोट पडत होतं. एक, दोन, तीन, आणि चौथ्या ठोक्याला ते बोट तसंच वर अधांतरी राहत होतं. पुन्हा एक, दोन, तीन, आणि पुन्हा ते अधांतरी.

मुख्य पंचांनी घसा साफ केला. "तर मंडळी, ह्या घोडीला…"

काकींनी सुपारी काढून फरशीवर ठेवली. फार हळू ठेवली, तरी ती वाजली.

"पायांचा निवाडा करायला बसलाय तुमी," काकी म्हणाल्या, "का त्यांच्या वर्षश्राद्धाला?"

पुतण्या घोडी धरून जागीच उभा राहिला.

"काल चारीवर हिचा मागचा पाय खाली गेला. मी तिथंच हुते. म्हटलं, गाळात घसरला आसंल. म्हटलं, म्हणजे तसंच म्हणून घेतलं मनाला. आता फरशीवर ऐकती हाय मी मघापासनं. तो पाय टेकवती आन टेकवला न टेकवला की उचलती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "पुढच्या साली पोरगा पाठीवर आसताना हा पाय चारीत गेला, म्हंजी? तवाबी तू कर्ण्यातनं त्यांचं नाव घेशील. काय म्हणून घेशील, सांग."

मी खाली फरशीवरच्या सुपारीकडे बघितलं.

मुख्य पंच हळूच म्हणाले, "वहिनी, सुपारी काढली तुमी."

"ठाव हाय. दर साली ह्या सुपाऱ्या मीच निवडून द्यायची त्यांना. दाताखाली दाबून, फुटकी नाय ना ते बघून."

"मग घोडी बाद."

"बाद."

द्राक्षवाला उठून पुढे आला. एवढा बोलका माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "काकी, मला दिसलं होतं. आज फिरवताना दिसलं."

"मग बोलला का नाय? तुला खोड काढाया उभा केलाय ना?"

"काकांची घोडी होती, म्हणून…"

"त्यांची होती म्हणूनच बोलाया पायजे हुतं. ते असते तर तुझी कानफटं लाल केली असती त्यांनी."

मुख्य पंचांनी विचारलं, आता वाट की वरात, तेवढं तरी आम्हाला सांगू द्या. काकी म्हणाल्या, वाट नको, टांगे आता कोणाला लागतात. आणि वरात तर नकोच, बँड वाजला की ती चार पायांवर थरथरते, उगाच कोणाचा तरी नवरदेव गटारात जायचा. "मळ्यात राहील. लीद तेवढी झेंडूला होईल." हे ऐकून एक-दोन जण हसले, कारण काकींनी ते हसण्यासारखं सांगितलं होतं. मग त्या उठल्या, वळल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा घोडीकडे बघितलं. तिच्या मागच्या पायाशी बसून गुडघ्याखाली हात फिरवला. घोडीनं कान मागे घेतले, पण पाय ओढून घेतला नाही.

पुढच्या चैत्रात मी पुन्हा माईकवर बसलो. घोडी नव्हती, म्हणून नाव नव्हतं. रीत होती ती. सटाण्याचा घोडा तेव्हा चांगला पळाला, आणि मी त्याचं वर्णनही चांगलं केलं. गर्दीत काकी होत्या. सगळे घोडे जाईपर्यंत उभ्या राहिल्या आणि मग शेंगदाण्याची पुडी घेऊन घरी गेल्या. पुढे शिवारात द्राक्षं आली, बांध सपाट झाले, शर्यत एक वर्ष झाली नाही, मग कधीच झाली नाही.

पण त्या सकाळी बैठकीहून परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. टेम्पो हमरस्त्यावर उभा होता, रानातल्या वाटेनं तो आत येत नव्हता. पुतण्या घोंगडी आणि बादली घेऊन पुढे गेला. काकींनी घोडीचा दोर स्वतःच्या हातात ठेवला आणि मी माझी कर्ण्याची पेटी डोक्यावर घेऊन त्यांच्या मागे चालत होतो. अर्ध्या वाटेवर काकी म्हणाल्या, "भाषण लय झ्याक झालं हां तुझं."

"काकी, आता कशाला…"

"खरंच. मीबी ऐकत राहिले. त्यात सगळं हुतं बघ. नदी हुती, पाऊस हुता, शेवंती हुती. घोडीच काय ती नव्हती."

मी हसलो. त्याही हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडावर घेऊन चालत राहिल्या, तेव्हा मी मुकाट्यानं थोडा मागे राहिलो.

वाटेत आडवी एक लहान चारी लागली. पाणी सुटलेलं होतं, तुडुंब नव्हे, पण वाहतं. घोडी थांबली. कान पुढे टवकारले, मान लांब केली आणि मागचं अंग खाली दाबून ती गोळा होऊ लागली, तशी ती आयुष्यभर होत आली होती. दोर काकींच्या हातात ताठ झाला. मला वाटलं, आता ही काकींना घेऊन जाणार पलीकडे.

"नाय बाई," काकी तिला म्हणाल्या, आणि हात तिच्या नाकावर ठेवला. "आता नाय."

डाव्या अंगाला, बऱ्याच लांब, सिमेंटच्या नळ्यांची एक मोरी होती. चारी ओलांडायला बैलगाड्या तिच्यावरून जात. काकी तिकडे चालू लागल्या. घोडी पाण्याकडे बघत उभी राहिली, दोर हळूहळू ताणला गेला, आणि मग तो दुखरा पाय टेकवत, उचलत, ती काकींच्या मागून मोरीच्या वाटेला लागली.